घाबरू नका म्हणणारा माईक

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, माझ्या जाळीला पोचे आलेत, पण आवाज अजून खणखणीत आहे.

माझे मालक रेडिओ विकायचे. रेडिओ खपावेत म्हणून त्यांनी दुकानाच्या माडीवर चक्क रेडिओ केंद्रच काढलं! रोज सकाळी सातला मला तीन टिचक्या मारून ते म्हणायचे, "घाबरू नका, मी आहे ना!" पूर आला, साथ आली, तरी तेच. त्या एका वाक्यावर गावाने त्यांना नगराध्यक्ष केलं. मीही उगाच फुशारलो.

काचेपलीकडे मालकीणबाई बसायच्या. मला सुरू केलं की त्या बोट वर करायच्या. त्याआधीचं बोलणं खोलीतच राहायचं.

एकदा सातच्या ठोक्याला नगरपालिकेचे इंजिनिअर धापा टाकत माडीवर आले. "साहेब, बाजारातल्या पाण्याच्या टाकीचा खांब तडकलाय. आजच्या आज रिकामी करा. खाली वस्ती आहे."

"चार दिवसांवर मतदान आलंय," मालक म्हणाले. "टाकी मीच बांधून घेतली. लोक तोंडात शेण घालतील माझ्या. तेवढे चार दिवस कळ काढा."

"मी काढीन हो. खांब कसा काढेल?"

"तुम्ही गप्प बसा. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो."

त्यांनी मला एक टिचकी मारली. मग दुसरी. मला मूठ नाही, तरी जीव मुठीत धरला होता. आता ते 'घाबरू नका' म्हणणार, टाकीखालची माणसं निवांत घरात बसणार, आणि हे माझ्यातून जाणार! आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपली तार तुटावी.

मालकीणबाईंचं बोट काही वर होईना.

"अगं, सुरू कर ना!"

त्या दार उघडून आत आल्या. "माईक सात वाजताच सुरू केलाय. सगळ्यांनी सगळं ऐकलंय."

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. खाली रस्त्यावर धावपळ सुरू झाली होती. मग मला जवळ ओढून ते म्हणाले, "घाबरा. टाकीखाली कुणी थांबू नका. चूक माझी आहे."

दुपारी टाकी कोसळली. खाली कुणी नव्हतं.

मालक निवडणूक हरले, केंद्र बंद पडलं. आता मी दुकानाच्या गल्ल्याखालच्या खोक्यात गुंतलेल्या वायरींबरोबर पडून आहे. अजूनही कुणी खोक्याला टिचकी मारली की माझा थरकाप होतो.

मित्रांनो, अधूनमधून माझ्यावरची धूळ पुसत जा. हवं तर माझ्यातून बोलाही. फक्त 'घाबरू नका' म्हणायच्या आधी एकदा जाऊन खांब बघून या.