अवसेची राखण

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या सलिल सरांनी भाट्याजवळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, घरामागे एवढी मोठी दुर्बीण बसवली, की पोस्टमन तिला पाण्याची टाकी समजला. त्या दुर्बिणीतून त्यांना एकच फोटो हवा होता: कडेनं दिसणाऱ्या एका सर्पिल दीर्घिकेचा. ती घावनासारखी गोल. पण आपल्याला दिसते कडेनं, म्हणून नुसती बारीक रेघ. चैत्रातल्या अवसेला ती डोक्यावर येते. आणि नेमका तेव्हाच कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे परशुरामभाऊंच्या आंब्याच्या बागेत चोरांसाठी हॅलोजन जळतो. त्या उजेडानं सरांच्या तीन अवसा खाल्ल्या होत्या.

दिवा बंद करा म्हणायला तोंड हवं. गडगा वीतभर कुणी सरकवला, यावरून धरलेला अबोला दोघांनी मुलांच्या लग्नातही सोडला नव्हता.

शेवटी सरांची बायको वासंतीताई पलीकडे जाऊन आल्या. "दिवा बंद करतायत. पण अंधारात चोर बिचकायला माणसांचा आवाज हवा. तुम्ही रात्रभर बोलत बसायचं."

"कोणाशी?"

"भाऊ येतायत ना," म्हणत त्या वाळत घातलेली कोकमं उलटायला गेल्या. ही अट नक्की कुणाची, हे विचारायचं सरांनी टाळलं.

रात्री कॅमेरा चालू झाला. भाऊ येऊन गडग्यावर बसले.

"बोला," सर म्हणाले.

"तुम्हीच बोला. मास्तर तुम्ही."

भाऊ एका कलमाकडे बघून म्हणाले, "यंदा मोहोर बरा होता."

"तुडतुड्याची कीड नव्हती," सरांनी दुर्बिणीला सांगितलं.

पहाटेपर्यंत गोष्ट गडग्यावर आली आणि दोघांचे आवाज असे चढले, की चोरच काय, वानरंही फिरकली नाहीत.

फोटो मात्र आला. उजळ रेघ, तिच्या मधोमध धुळीचा काळा पट्टा. सरांचे डोळे भरून आले. भाऊंनी चष्मा पुसून पाहिलं. "एवढ्याशा रेघेपायी माझे आंबे काळोखात ठेवलेत?" म्हणाले, आणि जाताना एक प्रत मागून नेली.

वैशाखातली अवस आली तेव्हा आंबा उतरून झाला होता. आभाळ गच्च भरलेलं. सरांनी दुर्बिणीवर ताडपत्री घातली होती. तरी जेवणं आटोपल्यावर पलीकडचा हॅलोजन विझला आणि गडग्याशी कुणी खाकरलं.

सर बाहेर आले. "भाऊ, आज फोटो नाही हो. ढग आहेत."

"दिसतायत मला."

"बागेतही राखायला काही उरलं नाही."

"बाग माझी आहे, मास्तर," भाऊ म्हणाले, आणि गडग्यावर जरा सरकून त्यांनी सरांना जागा करून दिली.