अर्धी गोळी

"यंत्राला हात लावायचा नाही, एकदा सांगितलंय," म्हणत आत्यानं चाऱ्याची पेंढी पोरीच्या हातातून ओढून घेतली. सकाळपासून हे चौथ्यांदा.

चारा कापायचं यंत्र सुरू झालं की त्याला ना आपलं कळत ना परकं. आणि पोरीला फिट यायची. बागेतल्या मुकादमानं हात धरला म्हणून तिनं विळ्याचा दांडा त्याच्या टाळक्यात घातला होता. त्यापायी दोन वर्षं तुरुंगात गेली. तिथंच पहिल्यांदा ती दाणकन पडली. डॉक्टरनं सकाळ-संध्याकाळ गोळी लावली, मग वर्षभर काही नाही. सुटली तेव्हा विशीला पोचली होती. हातात दहा दिवसांच्या गोळ्यांची पुडी आणि तुरुंगाच्या शिक्क्याचा एक कागद. तिला घ्यायला आत्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, आणि आत्यालाही तिच्याशिवाय.

तो शिक्का घरात नको म्हणून आत्यानं पहिल्याच दिवशी कागद चुलीत घातला. त्यावर गोळीचं नाव लिहिलं होतं, हे पोरीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. चुलीत गेलेलं काही परत येत नाही. दुकानात जाऊन मागायचं तरी काय? पांढरी, गोल, एवढीशी?

मग आत्यानं आपली अक्कल चालवली. जन्मभर तिनं सगळं पुरवून वापरलेलं. साबणाची चिपटं एकमेकांना चिकटवायची, काडेपेटीची काडी मधोमध चिरायची. तिनं विळीवर गोळीचे दोन तुकडे केले. दहाचे वीस दिवस होतील, तोवर निघेल काहीतरी वाट. पोरीला पत्ता लागायची भीतीच नव्हती. तुरुंगाच्या खिडकीशी लागलेली सवय. तळहात पुढं करायचा, खाली न बघता तोंडात टाकायचं, पाणी प्यायचं आणि आ करून जीभ वर उचलून दाखवायची. घरातही ती आत्यापुढं रोज तसाच आ करायची. ते बघवत नसे, म्हणून आत्या मान वळवायची.

दुसरी धास्ती होती स्कूटरवाल्या बाईची. सुटून आलेल्या पोरापोरींची दवापाण्याची, कामाधंद्याची सोय बघायचं तिचं काम, असं ती सांगायची. पण शेजारच्या शिंपिणीनं वेगळंच कानात घातलं होतं. म्हणे, तसल्या बाया वहीत लिहून नेतात, आणि एक खोट सापडली की पोर परत आत. शिंपिणीचा दीर कधीकाळी तुरुंगासमोरच्या गल्लीत भाड्यानं राहिलेला, म्हणजे तिच्या शब्दाला वजनच. तेव्हा बाई दोनदा आली, दोनदा आत्यानं फाटकातूनच वाटेला लावली. पोर मामाकडं गेलीय. आता मामा गेल्याला सात वर्षं झाली होती, पण बाईला काय ठाऊक.

आठव्या दिवशी बाई तिसऱ्यांदा आली. फाटकाची कडी आत्यानं आतून घट्ट धरलेली. मामाची तब्येत बरी नाही म्हणून पोर राहिली तिकडंच, असं तिचं चाललं होतं, तेवढ्यात गोठ्यात बादली पडली. पाठोपाठ जड काहीतरी आपटल्याचा आवाज. गाय बिथरून हंबरली.

आत्याच्या हातातली कडी सुटली.

पोर गायीच्या पायांत पडली होती. दात आवळलेले, हातपाय झटकत होते, डोळे पांढरे. आत्यानं गायीला कसं मागं ओढलं ते तिचं तिलाच कळलं नाही. मग दात उघडायला म्हणून तिनं उलथनं उचललं, तर बाईनं ते काढून घेतलं. तोंडात काही घालायचं नाही म्हणाली. पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली ओढणी दिली आणि घड्याळाकडं बघत बसून राहिली. बाईची मान हलत नव्हती, आणि आत्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. दोन मिनिटं झाली म्हणाली. आत्याला वाटलं, आपलं आख्खं आयुष्य झालं.

झटके थांबले. पोरीचा श्वास घरघरत का होईना, लागला.

"गोळ्या कधी संपल्या?" बाईनं विचारलं.

"संपल्या कुठं? आहेत की," म्हणून आत्यानं पुडी आणली. बाईनं मोजल्या. पाच राहायला हव्या होत्या. अकरा निघाल्या, वर एक अर्धुकं.

आत्या शेणातच खाली बसली. विळी, चूल, शिक्का, मेलेला मामा, सगळं तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. शेवटी हात जोडून म्हणाली, "लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. आत न्यायची तर मला न्या."

बाई चिडली नाही. गोळी अशी तोडली की अशीच फिट येते, म्हणाली. मग तिथंच बसून तिनं तुरुंगाच्या दवाखान्यात फोन लावला, तीन जणांनी तिला एकमेकांकडं ढकललं, चौथ्यानं गोळीचं नाव आणि माप सांगितलं. उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात या, मी दारात उभी असेन, बाई आत्याला म्हणाली. नेण्याबिण्याचं कुणी बोलत नाहीये, आत्याबाई.

पोरीनं डोळे उघडले होते. बोलायला तिला वेळ लागला.

"अर्धी आहे ते कळायचं मला. जिभेला कड लागायची."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तिथं विचारायचं नसतं."

आत्या पोरीच्या केसांतलं गवत वेचत राहिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकांवर माणसांची दाटी. शिंपीणही गुडघा धरून तिथंच हजर. बाई आत डॉक्टरशी बोलत होती. खिडकीतल्या माणसानं नवा कागद वर धरला आणि हॉलभर ऐकू जाईल असं विचारलं, "तुरुंगातून आलेली कोण?"

सगळ्या माना फिरल्या. पोर बाकावर एवढीशी झाली. आत्या उठली.

"माझी भाची आहे," ती म्हणाली. "आणि गोळी कशी द्यायची, ते आधी मला नीट समजावा. मी एकदा चुकलेय."