बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी! यातला शब्द न् शब्द खरा आहे.

एक शिंपीण होती. हत्तीचं झबलं बेतून उरलेल्या कापडात उंदरांच्या अख्ख्या शाळेचे गणवेश शिवील, असा तिचा हात. काही म्हणता काही टाकायची नाही. बटणं डब्यात, दोऱ्याची टोकं डब्यात आणि औषधाच्या गोळ्याही त्याच डब्यात. लघवीला आग झाली की डॉक्टर सात दिवसांच्या गोळ्या द्यायचे. दोन दिवसांत बरं वाटलं की बाकीच्या डब्यात. "ठेवलेलं कामी येतं," म्हणायची.

धाकटी बहीण शेजारच्याच मशीनवर बसायची. सगळे तिला चिमणी म्हणत. ताईशिवाय तिला कुणी नव्हतं, ताईलाही तिच्याशिवाय. काम हातावेगळं होईपर्यंत चिमणी उठायचीच नाही. तहान मारायची, लघवी दाबून धरायची.

"ताई, परत आग होतेय गं."

"घे या दोन पांढऱ्या."

"मागे पिवळी दिली होतीस की!"

"मग पिवळीपण घे. गोळ्या काय फ्रॉकला मॅचिंग हव्यात तुला?"

दोघी खिदळायच्या. आग थांबायची, पण दर खेपेला आधीपेक्षा लवकर परतायची.

एकदा चिमणीला थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळ उठली. शिंपिणीने डबा उपडा केला. तीन दिवस निवडून निवडून गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी चिमणी ताईलाच ओळखेना, तेव्हा कुठे डब्यासकट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी लगेच सलाईन लावलं, लघवी तपासायला पाठवली. दोन दिवसांनी कागद आला.

"हे जंतू तुमच्या डब्यातल्या एकाही गोळीला दाद देत नाहीत," त्या म्हणाल्या. "अर्धवट औषध घेऊन घेऊन निर्ढावलेत. एकच इंजेक्शन चालेल, ते सुरू केलंय. पण विष रक्तात भिनलंय. आधी आणायला हवं होतं, ताई."

"मी देत होते हो गोळ्या," शिंपीण म्हणाली. "एकही वाया नाही घालवली."

डॉक्टरीणबाई सलाईन बघायला वळल्या.

चिमणीच्या अंगातल्या दवाखान्याच्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं. शिंपिणीने सुईदोरा काढला आणि टाचायला घेतलं. तेवढ्यात चिमणीने डोळे उघडले. हसली. "ताई, तुझी काय गं चूक?" म्हणाली. संध्याकाळी गेली.

आता कुणी "गोळ्या उरल्यात" म्हटलं की शिंपीण हातातलं काम टाकून उठते. "ठेवायच्या नाहीत! डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या सगळ्या घ्यायच्या. परत आग झाली तर आधी लघवी तपासायची." बायका हसतात. शेजारच्या मशीनवर ती कुणाला बसू देत नाही.

शब्द न् शब्द खरा म्हटलं ना मी? एक सोडून. चिमणीने डोळे उघडलेच नाहीत. ते मी घातलं. बटण टाचून झालं होतं, तरी शिंपीण दोरा न तोडता तशीच बसून होती, चिमणीने एकदा काहीतरी म्हणावं म्हणून.