नळीच्या तोंडावरचे कुंकू

मी विमानातला एक जुना वेगदर्शक आहे. मित्रांनो, बारामतीबाहेरच्या माळावर एक लहानशी विमानशाळा आहे. तिच्या वर्गात, खिडकीजवळच्या कपाटावर मी पडून असतो. चार वर्षांपूर्वीपर्यंत मी रोज आभाळात जात होतो, हे माझ्यावरची धूळ पाहून कुणाला खरे वाटणार नाही.

कारखान्यात माझ्या तबकडीवर हिरवा पट्टा रंगवला, त्यापुढे जपून उडायचा पिवळा आणि शेवटी लाल रेघ, जिच्यापलीकडे विमान मोडू शकते. पण वेग मला आपला आपण कळत नाही. पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. समोरचा वारा तिच्या तोंडातून आत शिरतो, आणि ती सांगेल तेच मी दाखवतो.

शिकवणारे मानसिंगराव माझ्या काचेवर टिचकी मारून विद्यार्थ्यांना बजावत, "खाली आलं की काटा हिरव्यातच पायजे. खाली घारी असत्यात, उन्हानं तापल्याल्या हवेचे हिसके असत्यात. वर चुकलं तर सावरायला जागा हाय, खाली न्हाय."

वडगाव निंबाळकरची दिपाली हे जिवाचा कान करून ऐकायची. तिच्या आजोबांनी मेंढरे राखली होती आणि नात थेट आभाळात निघाली, म्हणून गावाला तिचे भारी कौतुक. मलाही होते. तिची नजर सारखी माझ्याकडे वळायची.

मग खंडेनवमी आली. मेकॅनिक आबाजी कामाला वाघ आणि तितकाच देवभोळा. त्याने पंख्याला झेंडूचा हार घातला, चाकांना गंध लावले. शेवटी ओल्या कुंकवाचे ठसठशीत बोट त्याने नळीच्या तोंडावरच ओढले आणि वर अक्षता चिकटवल्या. नळीच्या पोटाखालचे, पाणी निथळायचे बारीक छिद्रही त्यात बुजले. विमान नवरीसारखे नटले, पण माझा जीव घाबरा झाला.

दुसऱ्या दिवशी दिपाली एकटीच उडाली. तोंडाशी थोडी फट होती, म्हणून धावपट्टीवर धावताना मी बरोबर वेग दाखवला. उंचावर मात्र दवाने भिजलेला तो लगदा वाऱ्याने आत सरकला आणि नळी पुरती बंद झाली.

ती उतरू लागली तसा बाहेरच्या हवेचा दाब वाढत गेला, नळीत कोंडलेली हवा मात्र तेवढीच राहिली, आणि माझा काटा घसरू लागला. खरा वेग कमी झालाच नव्हता. दिपालीला वाटले, वेग गेला, आता विमान पडणार. वेग परत मिळावा म्हणून तिने नाक खाली दाबले. मी आणखी घसरलो, तिने आणखी दाबले. खरा वेग पिवळा पट्टा ओलांडत लाल रेघेकडे निघाला. पंख थरथरू लागले, खालचा ऊस आणि कालवा अंगावर धावून येऊ लागले, एक घार काचेला घासून गेली. मी खोटे बोलत होतो आणि मला ओरडता येत नव्हते. इतका असहाय मी कधीच झालो नव्हतो.

तेवढ्यात रेडिओवर मानसिंगरावांचा आवाज आला. सुसाट खाली येणारे विमान त्यांनी जमिनीवरून पाहिले होते आणि काटा फसवतोय हे ताडले होते.

"दिपाली, काट्याकडं बघू नको. वाऱ्याचा आवाज ऐक. नाक वर घे, पर हळू."

तिने माझ्यावरची नजर काढली आणि ती वाचली. उतरल्यावर बराच वेळ ती चाकाजवळ मातीत बसून होती.

त्याच संध्याकाळी मला खोटारडा ठरवून विमानातून काढले. मी तिथेच फडक्यावर पडलो असताना आबाजीने तारेने नळी साफ केली. कुंकवाचा लगदा आणि तांदळाचे दाणे बाहेर आले. त्याने इकडेतिकडे पाहिले, ते खिशात घातले आणि कुणाला काही सांगितले नाही. भ्याला असेल बिचारा.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. आबाजी यंदा नोकरी सोडून लासुर्ण्याला गेला. दिपाली आता नव्या मुलांना शिकवते. उद्या सकाळी त्याच विमानातून ती एका मुलीला पहिल्यांदा वर नेणार आहे. खिडकीतून मला नवा मेकॅनिक रविराज दिसतो. हातात पूजेचे ताट घेऊन तो मोठ्या भक्तीने पंखाखाली वाकला आहे.

मित्रांनो, पूजा जरूर करा, पण सापडलेली चूक खिशात घालू नका. तुम्हाला हात आहेत, वाचा आहे. उद्या सकाळच्या आत कुणीतरी जाऊन तेवढी नळी पुसा.