फीत होती तिथूनच

मी लाल फीत बोलतेय. प्रार्थनामंदिरात पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या उंच मेजावर, जे मोठं पवित्र शास्त्र असतं, त्याच्या पाठीला मला वाचनाची खूण म्हणून शिवलंय. माणसांवर माझा चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगते.

जुने पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, दर रविवारी मला पान-अर्धं पान पुढे सरकवायचे. जे वचन येईल ते ओळीओळीने समजावून सांगायचे. अवघड जागा आली की हा गृहस्थ नक्की टाळणार, असं मला वाटायचं. एकदा नेमकं समेट करण्याबद्दलचं वचन आलं. शिंपी आणि त्याचा मेहुणा तेव्हा अबोला धरून दोन टोकांना बसायचे.

"मुद्दाम माझ्यावर बोललात," शिंपी नंतर चिडून म्हणाला.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "गेल्या रविवारी आपण इथं थांबलो होतो. पुढची ओळ हीच आहे, मी काय करू?"

ते निवृत्त झाले आणि नवे पाळक आले. त्यांना मी नको होते. पानांत खुणेच्या चिठ्ठ्या घालून हवं ते पान काढायचे, एक ओळ वाचायचे आणि पुढे अर्धा तास स्वतःचंच. मला संशय आलाच होता. उपासनेत गीतं उचलून देणाऱ्या गायनाच्या बाईंनी बैठकीत त्यांना विरोध केला, आणि पुढच्याच रविवारी चिठ्ठी निघाली जिभेला आवर घालण्याच्या वचनात. पाणी कुठं मुरतंय ते साऱ्या मंडळीला कळलं. बाई यायच्या थांबल्या.

एका शनिवारी त्या गीतांची वही परत द्यायला आल्या.

"ताई, येत का नाही तुम्ही?" पाळकांनी विचारलं.

"उद्या फीत आहे तिथून सांगा. मग येईन."

त्या गेल्यावर पाळकांनी, जुने पाळकसाहेब मला जिथं ठेवून गेले होते, ते पान उघडलं. कळप वाऱ्यावर सोडून स्वतःचंच पोट भरणाऱ्या मेंढपाळांना देव जाब विचारतो, ते पान. ते बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी मला चिमटीत धरलं. झालं, आता सरकवणार, मी म्हटलं.

रविवारी बाई शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. पाळकांनी सगळा भाग वाचला, एकही ओळ न गाळता समजावला.

"फीत मी हलवलेली नाही," ते शेवटी म्हणाले. "आजचा उपदेश मलाच आहे. ताई, मी शास्त्र तुमच्यावर उगारलं. माफ करा."

बाईंनी हाताची घडी सोडली. आणि शेवटचं गीत त्यांनीच उचललं.

आता माझं टोक विरलंय. पाळक मला दर रविवारी पुढे सरकवतात, तरी कुठं चिठ्ठी डोकावतेय का, ते मी बघतेच. तुम्हीही उपदेश ऐकायला बसाल, तेव्हा आधी फीत कुठं आहे तेवढं बघत जा.