जांभळी कांडी

विजयश्रीला खोटं बोलता येत नाही असं कुणी समजू नये. पार्लर चालवणारी बाई ती. 'बारीक झालात हं' हे ती रोज दहा जणींना तोंड भरून सांगते. पण त्या गुरुवारी ट्रेनिंगहून आली तेव्हा तोंड असं उतरलेलं, की नवऱ्यानं काही न विचारता चहा टाकला.

ट्रेनिंग चिंचवडच्या एका हॉटेलात होतं. लाइटची नवी मशीनं विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं पार्लरवाल्यांना बोलावलं होतं, जेवणासकट. एक तरुण स्किनची डॉक्टर पडद्यावर फोटो दाखवत होती. मुरुमांचे झाले, डागांचे झाले, आणि मग एका बाईचे गाल आले. लालभडक, वर बारीक शिरांचं जाळं, मध्ये पुळ्या.

"हे मुरूम नाहीत. हा रोझेशिया," डॉक्टर म्हणाली. "मुरमांसारखे ब्लॅकहेड इथे दिसायचे नाहीत. उन्हानं, चुलीच्या आचेनं हा भडकतो. अशा चेहऱ्याला वाफ द्यायची नाही, घासायचं नाही, आणि ती तुमची जुनी हाय फ्रिक्वेन्सीची कांडी तर चुकूनही लावायची नाही. सरळ डॉक्टरकडे पाठवायचं."

विजयश्रीच्या हातातला समोसा हातातच राहिला. ते गाल सुभद्राकाकूंचे होते. म्हणजे फोटो दुसऱ्याच कुणाचा, पण गाल तेच. आणि त्या गालांवर हिनं चार वर्षं, दर गुरुवारी, आधी वाफ, मग स्क्रब, मग कांडी, असा साग्रसंगीत अभिषेक केला होता.

वीस वर्षं झाली त्याला. विजयश्री तेव्हा लातूरकडून लग्न होऊन नवीनच आलेली, नवरा चाकणला कंपनीत शिफ्ट करायचा. पुनावळ्यात तेव्हा ऊस होता, म्हशी होत्या, आणि एका खोलीत पडदा लावून हिचं पार्लर होतं. बंद पडलेल्या एका पार्लरकडून आणलेली काळी पेटी ही तिची सगळी ऐट. पेटीत काचेच्या नळ्या, हीच ती हाय फ्रिक्वेन्सीची कांडी. बटण दाबलं की नळीत जांभळा उजेड पडायचा, किर्र आवाज व्हायचा आणि खोलीभर वेल्डिंगच्या दुकानासारखा वास सुटायचा. पोरी आधी घाबरायच्या, मग मैत्रिणींना घेऊन यायच्या. मुरूम सुकायचेही काही जणींचे, उगाच कशाला नाही म्हणा!

सुभद्राबाई तिची पहिली गिऱ्हाईक. गावातल्याच जुन्या शेतकरी घरातली सून. कंपनीतल्या पोरांची मेस चालवायची. दोन वेळच्या मिळून तीनशे पोळ्या. चेहरा कायम तापलेला. गावातल्या जिभांना हाड कुठलं? कुणी म्हणे बाई तापट आहे, कुणी म्हणे चोरून घेते. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, पोरं उशिरा उठायची, तेवढ्यात एकदा ती आली, खुर्चीवर आडवी झाली आणि म्हणाली, "ह्याचं काय ते कर बाई."

"हलायचं नाही काकू," विजयश्रीनं नुकतंच शिकलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. "अंगावरचे दागिने काढा. आणि करंट चालू असताना दुसऱ्या कुणी तुम्हाला हात लावायचा नाही. चटका बसेल त्याला."

सुभद्राबाईनं एक डोळा उघडला. "कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही."

"आमचं मालक आलं तरी?"

"मालक आले तरी."

बाईनं डोळा मिटला आणि असा सुस्कारा सोडला, की पडदा हलला. मालक, म्हणजे दादासाहेब, आलेच थोड्या वेळानं. लेडीज पार्लर म्हणून दाराबाहेर गाडीवर बसून ओरडायचे, "अगं ए, झालं का? पोरं ताटावर बसल्यात!" की आतून उत्तर जायचं, "करंट चालू हाय! हात लावू नका!" आता हात कोण लावतंय? मध्ये अख्खं दार होतं, पडदा होता. पण दादासाहेब साधा माणूस, गाडी दोन पावलं मागं घ्यायचे. चार वर्षं दर गुरुवारी हा तमाशा, आणि दर गुरुवारी विजयश्रीला हसू आवरायचं नाही.

मग उसाच्या जागी टॉवर आले. मेस बंद झाली, काकू नव्या फ्लॅटात गेल्या, विजयश्रीचं पार्लर मारुंजीला हललं. तीन वर्षांपूर्वी दादासाहेब गेले तेव्हा ती दहाव्याला जाऊन आली, तेवढंच. पेटी मात्र तिनं टाकली नव्हती. तिच्या सगळ्या चांगल्या दिवसांचा वास त्या पेटीला होता. आणि आता हे! ते दिवस आठवायला जावं तर काकूंचे भाजलेले गाल समोर यायचे. सांगितल्याशिवाय आपल्याला चैन पडायचं नाही, आणि सांगितलं तर काकू दारात उभं करायच्या नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तरी गेली. शुक्रवारी दुपारी पार्लर बंद करून अकराव्या मजल्यावर. काकू एकट्याच होत्या. मुलगा-सून कामावर, नातू होस्टेलला. लाली आता नाकावरही उतरली होती. ते बघून विजयश्रीनं पाण्याचा ग्लाससुद्धा घेतला नाही, उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. "काकू, मी तुमचं वाटोळं केलं. मला कळत नव्हतं. चार शिव्या द्या, पण आत ठेवू नका काही."

"मला म्हाईत हुतं की," सुभद्राबाई म्हणाल्या.

"काय?"

"तिसऱ्याच गुरवारी कळलं. घरी गेलं का दोन दिस गालाची नुसती आग आग व्हायची."

"मग येत का होता हो?"

"बस आधी. पहाटं चारला उठायची मी, रात्री अकराला पाठ टेकायची. मधी कुनी बूड टेकू द्यायचं न्हाई. तुझ्याकडं अर्धा तास आडवी पडायची आन् कुनाच्या बापाची छाती न्हवती हात लावायची. त्याच्यापायी भाजलं गाल तर भाजलं!"

विजयश्रीला रडू फुटलं. "मला सांगायचं तरी! मी नुसतं पडू दिलं असतं तुम्हाला."

"नुसतं पडायला कोन सोडतंय गं बाईला? औषिदाला सोडत्यात." काकूंनी पदरानं तिचे डोळे पुसले. मग खिडकीकडं बघत म्हणाल्या, "आता दिसभर पडल्याली असती. कुनी उठवत न्हाई. म्हनून झोपच लागत न्हाई बघ."

शनिवारी विजयश्री त्यांना त्याच डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं मलम लिहून दिलं, शिरांसाठी पुढं लेझरचं बघू म्हणाली, आणि विजयश्रीला वेगळं म्हणाली, "आजार तुम्ही आणला नाहीत. आगीला फुंकर मात्र घातलीत."

परतताना काकू म्हणाल्या, "ती कांडी हाय का गं अजून?"

"आहे. पण लावणार नाही."

"लावू नगं. आवाज तर ऐकव."

पार्लरमध्ये विजयश्रीनं त्यांना खुर्चीवर आडवं केलं, गालांवर गार पाण्याचं मऊ फडकं ठेवलं. पेटी चार हात लांब स्टुलावर ठेवून बटण दाबलं. किर्र झालं, नळीत जांभळा उजेड पडला, तोच वास आला. काकूंनी डोळे मिटले. पण अंग काही सैल पडेना. कान दाराकडंच होते.

विजयश्रीच्या ते ध्यानात आलं. ती हळूच बाहेर गेली, दार ओढून घेतलं, आणि घसा खरवडून ओरडली, "अगं ए, झालं का? पोरं ताटावर बसल्यात!"

आत चिडीचूप. नुसती किर्र. हे काय बोलून बसले मी, गेलेल्या माणसाची नक्कल केली, जळो माझी जीभ, असं तिला झालं. तिनं दाराच्या कडीला हात घातला.

तेवढ्यात आतून आवाज आला, तोच, वीस वर्षांपूर्वीचा, खणखणीत:

"करंट चालू हाय! हात लावू नका!"

विजयश्रीनं कडी सोडली. दोन पावलं मागं सरून पायरीवर बसली, आणि आतून घोरण्याचा आवाज थांबेपर्यंत तिनं एकाही गिऱ्हाइकाला आत सोडलं नाही.