काजलचे पाय

ही १९९८ सालची गोष्ट. हिंगणघाटजवळच्या वडनेरच्या काजलची पाठ दिवाळीपासून दुखत होती. संध्याकाळी अंग कसकसायचं, जेवण जायचं नाही. कापूस वेचून पाठ धरली असेल, असं सासू देवकाबाई म्हणायची. एका दुपारी काजल शेतातून आली, ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठं निसटली, तिला कळलंच नव्हतं.

देवकाबाईनं लचक काढणाऱ्या बंडूजीला बोलावलं. त्यानं काजलला पालथं निजवून मणक्यावर गुडघा रोवला. काजल किंचाळली. सकाळी उठायला गेली, तर पाय हलेनात. लघवीही अडली.

नवरा निकेशनं तिला फळीवर निजवून टेम्पोनं वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या तळपायावरून किल्ली ओढली.

"कळतं?"

"नाई."

तपासण्या झाल्या. "मणक्याचा टीबी आहे," बाई म्हणाल्या. "दोन मणके खाल्लेत. आतल्या पुवाचा दाब मज्जारज्जूवर पडतोय. आजच ऑपरेशन करायला हवं."

"टीबी? हिले तं खोकला बी नाई!" देवकाबाई भडकली. "पाठीले चाकू लागला का माणूस जन्माचा लंगडा होते. निकेश, घरी घेऊन चाल हिले."

निकेश आईकडे पाही, बायकोकडे पाही.

"नाई केलं तं पाय येतीन का, बाई?" काजलनं विचारलं.

"कठीण आहे."

"अन् केलं तं?"

"बहुतेक येतील. खात्री देत नाही."

"मंग करा." ती नवऱ्याकडे वळली. "सही करा जी. पाय माये हायेत."

पू निघाला, पण पाय तसेच राहिले. निकेशला कामावर परतावं लागलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून देवकाबाई सुनेला सारखी कुशीवर वळवायची. दोघी फारसं बोलत नसत. बाई रोज यायच्या, अंगठा हलवायला सांगायच्या. काजल घामाघूम व्हायची. काहीच हलत नसे.

एका सकाळी पाय पुसता पुसता देवकाबाई थबकली. "परत हलव!"

"काय हलवू?"

"अंगठा! आता हलवला न तू!"

काजलनं डोळे मिटून जोर लावला. अंगठा जेमतेम हलला. देवकाबाईनं फडकं खाली ठेवलं.

"मीच बलावलं वं त्या बंडूजीले."

"मले मालूम हाय," काजल म्हणाली. "पाणी द्या."

मग कमरेला पट्टा आला, दोन दांड्यांमधलं चालणं आलं. गोळ्या तर वर्ष उलटलं तरी चालूच. मळमळीला कंटाळून एकदा तिनं गोळी थुंकली. सासूनं दुसरी हातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोरून हलली नाही.

शेवटच्या तपासणीला दोघी एसटीनं निघाल्या. पायरी उंच होती. देवकाबाईनं हात पुढे केला.

"राहू द्या, आई."

डावा पाय हातानं उचलून काजलनं पायरीवर ठेवला, दांडी धरून स्वतःला वर ओढलं. मागची माणसं खोळंबली होती.

हाड भरलं होतं, गोळ्या बंद झाल्या. डावा पाय मात्र थोडा ओढतच राहील, बाई म्हणाल्या. परतीच्या गाडीत काजल खिडकीशी बसली आणि हिंगणघाट येईपर्यंत गाढ झोपली.